पूरग्रस्तांना पाकिटे नकोत, पातेली आणि शिधा हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाजवळ ४० फुटांच्या इशारा पातळीला टेकले की सांगलीत माळ्यावर सामान चढवण्याची घाई सुरू होते. ४५ फुटांची धोका पातळी ओलांडली की शाळा आणि मंगल कार्यालये भरू लागतात, आणि बाहेरगावचे फोन येतात : ‘काय पाठवू?’ २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले, २०२१ मध्ये पुन्हा पन्नाशी ओलांडली. मदत करणाऱ्यांच्या मनात खोट नसते, पण येते ते पुरीभाजी, मसालेभाताची पाकिटे आणि बिस्किटांचे खोके. पावसाळ्यापूर्वीच हे पत्र लिहितो आहोत, कारण पाणी चढल्यावर कोणी वाचत नाही.

शिजलेला भात लांबून पाठवू नका, हे पहिले सांगणे. तांदळात असे जिवाणू असतात की त्यांची बीजे उकळूनही मरत नाहीत. गरम भात पिशवीत कोंबून तोंड बांधले की तो ना धड गरम राहतो ना गार होतो, आणि तेवढ्या कोमट उबेत ती बीजे रुजतात. त्यांनी एकदा विष तयार केले की भात पुन्हा गरम करूनही उपयोग नसतो. वास येत नाही, चव बिघडत नाही, आणि दोन-चार तासांत निम्मा हॉल उलट्या करू लागतो. पुण्याहून सकाळी निघालेला भात संध्याकाळी मिरजेत वाटला जातो तेव्हा नेमके हेच घडू शकते. शिजवलेले अन्न एकतर हात लावता येणार नाही इतके (६० अंशांच्या वर) गरम ठेवावे, नाहीतर चार तासांच्या आत संपवावे. लांबून पाठवायचेच असेल तर गूळ-शेंगदाणे, फुटाणे, आपले भडंग, कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पाठवा. घराच्या गच्चीवर अडकलेल्या माणसाला होडीतून द्यायलाही हेच बरे.

छावणीत मात्र गरम जेवणच हवे, आणि ते तिथेच शिजले पाहिजे. भात, वरण, भाजी, चपाती अशी चार भांडी मांडू नयेत. चार भांड्यांना चार शेगड्या लागतात, आठ माणसे लागतात आणि चपात्या लाटता लाटता दुपार टळते. एकाच पातेल्यातली डाळ-तांदळाची सैलसर खिचडी स्वस्त पडते, पोट भरते, आणि दात नसलेल्या आजीपासून दोन वर्षांच्या पोरापर्यंत सगळ्यांना खाता येते.

मुले-म्हातारे धरून १०० जणांच्या एका जेवणाला तांदूळ १० किलो आणि डाळ ४ किलो घ्यावी. शालेय पोषण आहाराच्या मापात पाचवीपर्यंतच्या मुलाला १०० ग्रॅम धान्य आणि २० ग्रॅम डाळ असते. छावणीत डाळ त्याच्या दुप्पट ठेवायची, कारण दुसरे काही ताटात येणारच नाही याची खात्री असते. शिवाय शेंगदाणे दीड किलो, कांदे ३ किलो, बटाटे ३ किलो, लाल भोपळा किंवा दुधी ५ किलो, तेल सव्वा लिटर, सोललेला लसूण ३०० ग्रॅम, मोहरी आणि जिरे प्रत्येकी ५० ग्रॅम, हळद ६० ग्रॅम, कांदा-लसूण मसाला पाव किलो, गूळ १५० ग्रॅम. मीठ आधी ४५० ग्रॅमच घालावे आणि शेवटी चाखून वाढवावे. हे सगळे शिजून साधारण ६० किलोच्या वर खिचडी होते, म्हणजे माणशी अर्धा किलोपेक्षा जास्त.

डाळ कोणती, यावर पैसे वाचतात. तूर सगळ्यांना हवी असते, पण ती महाग आणि शिजायला हट्टी. पुरात नळ बंद पडतात आणि टँकरचे नाहीतर बोअरचे पाणी मिळते. बोअरचे पाणी जड असले तर तूरडाळ तास तास उकळूनही टणक राहते. निम्मी मसूर आणि निम्मी मूगडाळ घ्यावी. न भिजवता २०-२५ मिनिटांत मऊ होते. तूरच मिळाली तर निदान दोन तास भिजवावी आणि डाळ बोटात दाबली जाईपर्यंत टोमॅटो, चिंच, कोकम काही घालू नये, कारण आंबटपणाने डाळ आकसून बसते. घाईत मूठभर सोडा टाकणारे आचारी आहेत. डाळ त्याने लवकर विरते हे खरे, पण तिच्यातले ब जीवनसत्त्व जाते आणि चवीला साबण लागतो. कोणी राजम्याचे पोते दिले तर ते खिचडीत लोटू नये. रात्रभर भिजवून, भिजवलेले पाणी फेकून, नव्या पाण्यात खदखदून उकळून पूर्ण मऊ केल्याशिवाय राजमा पोटाला बाधतो.

१०० जणांचे सगळे एकाच पातेल्यात घालायचा मोह टाळावा. ५० लिटरची दोन जाड बुडाची पातेली घ्यावीत आणि जिन्नस निम्मे-निम्मे करावेत. घट्ट होत आलेली खिचडी पाण्यासारखी खालीवर फिरत नाही; बुडाची उष्णता बुडाशीच अडकते, आणि थर जितका उंच तितके खाली करपते नि वर कच्चे राहते. म्हणून डाळ, हळद आणि शेंगदाणे आधी भरपूर पाण्यात पातळच शिजवून घ्यावेत. डाळ मऊ झाली की दुसऱ्या कढईत केलेली कांदा-लसणाची फोडणी त्यात ओतावी. पातेल्यातच फोडणी केली तर बुडाला चिकटलेला मसाला पुढे करपण्याची सुरुवात करून देतो. मग बटाटा, भोपळा, मीठ, आणि उकळी फुटल्यावर धुतलेला तांदूळ.

पाण्याचे माप घरच्यासारखे धरू नये. घरी छोट्या पातेल्यातून वाफ खूप जाते, मोठ्या पातेल्यातून त्या मानाने कमी. घरचे माप पंचवीसपट केले की खिचडीची पेज होते. १४ किलो डाळ-तांदळाला एकूण ४२ लिटर पुरते. त्यातले ३७ लिटर आधी घालावे आणि ५ लिटर बाजूच्या शेगडीवर उकळत ठेवावे. लागेल तसे तेच घालावे. ऐनवेळी बादलीतले गार पाणी ओतले की उकळी मोडते आणि तांदळात कणी राहते. तिखटाचेही तसेच : शंभरासाठीचे तिखट दहापट केले म्हणजे हजारांचे होत नाही, निदान पाव हिस्सा हातचा राखावा. ज्यांना झणझणीत हवे त्यांच्यासाठी ठेचा वेगळा ठेवावा. (सांगलीत तो मागितला जाणारच.)

पाणी तांदळाच्या पातळीला आले की आच एकदम कमी करायची, पातेल्याखाली जाड तवा सरकवायचा आणि झाकण लावायचे. त्यानंतर ढवळायचे नाही. ढवळले की तांदूळ मोडतो, चिकट होतो आणि जास्तच लागतो. बुडाला लागल्याचा वास आलाच तर उलथण्याने खरवडू नये. आच बंद करून वरची खिचडी अलगद दुसऱ्या भांड्यात काढावी आणि तळ तसाच सोडावा. दहा टक्के जाते, पण उरलेली वाचते. खरवडणाऱ्याने सगळे पातेले कडू केलेले असते.

लहान मुलांसाठी, मधुमेह-रक्तदाबाच्या रुग्णांसाठी आणि पोट बिघडलेल्यांसाठी फोडणी पडण्यापूर्वी डाळीतली पाच-सहा लिटर, शेंगदाणे न घेता, वेगळी काढून ठेवावी. थोडा तांदूळ घालून तिखटाशिवाय, कमी मिठात शिजवली की तीच त्यांची खिचडी.

संध्याकाळसाठी पिठले-भात हा सगळ्यात कमी गॅसचा मार्ग. १०० जणांना बेसन ४ किलो, पाणी २४ लिटर, तांदूळ १० किलो. बेसन गार पाण्यात कालवून गाळूनच ओतावे. कोरडे पीठ उकळत्या पाण्यात भुरभुरले तर शंभर माणसांच्या पिठल्यात गुठळ्या फोडत बसावे लागते. वाढेपर्यंत पिठले घट्ट होत जाते, म्हणून उतरवताना पातळच असावे. नाश्त्याला पोहे करायचे तर माणशी ६० ग्रॅम पुरतात, पण ते एकदम भिजवू नयेत, दोन-दोन किलो चाळणीत भिजवून घ्यावेत. भाकरीचे मात्र छावणीत नाव काढू नये. किलोभर पिठाच्या दहाच भाकऱ्या होतात. २०० माणसांना दोन-दोन म्हणजे ४० किलो पीठ आणि बायकांच्या हाताला फोड. त्यापेक्षा कवठे महांकाळ, तासगाव, विटा, जत भागातल्या कोरड्या गावांनी घरटी दहा भाकऱ्या गोळा कराव्यात, तो हिशेब जमतो. आणि खपलीच्या खिरीची काहिली काढू नका. जत्रेत ती शोभते, पण गहू रात्रभर भिजवायला आणि तासन्‌तास शिजवायला छावणीत ना वेळ असतो ना जळण.

गॅसच्या बाबतीत एक गोष्ट हमखास चुकते. मोठ्या बर्नरला एकच १९ किलोचा सिलिंडर जोडून तासन्‌तास ओढ दिली की सिलिंडर गार पडतो, बाहेरून दव धरतो आणि आत गॅस असूनही ज्योत खाली बसते. लोकांना वाटते संपला, आणि अर्धा भरलेला परत जातो. दोन सिलिंडर ठेवावेत आणि आलटून पालटून वापरावेत. शेगडी वर्गखोलीत लावू नये. दोन बाजू उघड्या असलेल्या शेडमध्ये, विटांवर उंच करून लावावी.

भाजी निवडताना पावसाळ्यात पालेभाजी नको. एक जुडी धुवायला दोन बादल्या पाणी लागते. पुराचे पाणी लागलेले धान्याचे पोते वाळवून वापरावे, असा सल्ला हमखास कोणीतरी देतो. त्या पाण्यात गटार, डिझेल आणि शेतातली औषधे मिसळलेली असतात आणि उकळून ती जात नाहीत. असे पोते फेकावे, कितीही जीव तुटला तरी.

वाढताना ओगराळे आधी एकदा काट्यावर मोजून घ्यावे. ३०० ग्रॅमचे असेल तर मोठ्या माणसाला दोन, लहानाला एक. उरले तर दुसरी पंगत. आकडा आदल्या रात्री खोलीखोलीत जाऊन मोजावा, ‘पाचशे जण येणार’ या निरोपावर पातेले चढवू नये. पहिल्या खेपेला सत्तर टक्के शिजवावे आणि डाळ-तांदूळ धुऊन तयार ठेवावेत. मसूर-मुगाची दुसरी खेप पाऊण तासात होते. रात्रीची उरलेली खिचडी सकाळी फोडणीला टाकण्याची काटकसर छावणीत करू नये, त्याचे कारण वर आलेच आहे.

प्रशासनाकडे आमची मागणी छोटी आहे. मिरज, पलूस, वाळवा, शिराळा या नदीकाठच्या तालुक्यांत छावण्या बहुतेक शाळांतच लागतात. त्या शाळांत पोषण आहाराचे स्वयंपाकघर असते, पण पातेली पोरांच्या मापाची, बहुधा २०-३० लिटरची. प्रत्येक ठरलेल्या छावणीसाठी ५० लिटरची जाड बुडाची चार पातेली झाकणांसह, एक मोठी कढई, दोन उच्च दाबाचे बर्नर, ५० किलोपर्यंतचा वजनकाटा, दोन ओगराळी आणि पिण्याच्या पाण्यासाठी तोटीची झाकणबंद टाकी मे महिन्यातच उंचावरच्या खोलीत ठेवावी आणि खोलीची किल्ली कोणाकडे आहे ते फळ्यावर लिहावे. तळमजल्यावरच्या गोदामात ठेवली तर पहिल्या रात्री तीच पाण्याखाली जातात.

बाहेरगावच्या मित्रांनी विचारले तर त्यांना हे सांगा : मसूरडाळ, मूगडाळ, जाडा तांदूळ, शेंगदाणे, तेल, गूळ, मीठ आणि भरलेले सिलिंडर. जुने कपडे नकोत.

आपले,
पूरकाळात सामुदायिक स्वयंपाक करणारे काही आचारी व वाढपी,
गावभाग, सांगली