कोणाच्या तरी घरातल्या होकाराची वाट पाहताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

3 ऑगस्टच्या भारतीय अवयवदान दिनानिमित्त दरवर्षी आवाहने छापून येतात आणि ती यायलाच हवीत. परंतु मूत्रपिंडाची वाट पाहणारे घर आतून कसे असते, हे त्यांत क्वचितच वाचायला मिळते. आमचे घर तसे आहे, म्हणून हे पत्र.

माझ्या मुलाची दोन्ही मूत्रपिंडे 2020 च्या अखेरीस निकामी झाली. तेव्हापासून आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चार तास, मिरजेत त्याचे डायलिसिस चालू आहे. मला मधुमेह आहे, पत्नीला रक्तदाबाचा जुना त्रास आहे. सुनेने आम्हांला न सांगता स्वतःच्या तपासण्या करून घेतल्या. पण तिलाही मूत्रपिंड देता येणार नाही, असेच डॉक्टरांनी सांगितले. मूत्रपिंडाची खरेदी-विक्री 1994 च्या कायद्याने गुन्हा ठरवली आहे आणि ते योग्यच आहे. त्यामुळे मेंदूमृत, म्हणजे मेंदू कायमचा बंद पडलेल्या, दात्याकडून मिळणाऱ्या मूत्रपिंडासाठी पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या प्रतीक्षा यादीत त्याचे नाव आहे. यादीला क्रम आहे, निकष आहेत, पण तारीख नाही. पिकाला हंगाम असतो, परीक्षेला निकालाचा दिवस असतो. या वाट पाहण्याला तसे काहीच नसते.

पहिल्या वर्षी सर्वांत अवघड गेले ते देवापुढे उभे राहणे. पत्नी रोज संध्याकाळी दिवा लावते. एके दिवशी ती दिवा लावून तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, मी मागू तरी काय? आपल्या पोराला किडनी मिळू दे म्हणायचे, म्हणजे कुणाच्या तरी घरातले माणूस जाऊ दे म्हणायचे का?" चाळीस वर्षे शाळेत शिकवूनही माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुढे तिचे तिनेच ते शोधले. आता ती एवढेच मागते की कोणाचेच माणूस जायची वेळ येऊ नये. पण ज्या घरावर ती आलीच असेल, त्या घरातल्या माणसांना त्या घटकेला धीर मिळावा. आमच्यासाठी वेगळे काही मागत नाही. माझ्या मते याहून प्रामाणिक प्रार्थना आमच्या घरात कधी झालेली नाही.

मला हिशेब लिहायची सवय आहे. डायलिसिसचा मुख्य खर्च महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून भागतो, तरी इंजेक्शने, जाणे-येणे, तपासण्या असतातच. तो खर्च मी वहीच्या डाव्या पानावर लिहितो. उजवे पान कोरे जात होते, म्हणून त्यावर त्या दिवशी उपयोगी पडलेल्या माणसांची नोंद करू लागलो. सुई टोचताना हात हलका ठेवणारा तंत्रज्ञ, पहाटेच्या पाळीसाठी न सांगता दारात उभा राहणारा रिक्षावाला, बटाटे उकडून त्यांचे पाणी टाकून केलेली बेचव भाजी नवऱ्याबरोबर तशीच जेवणारी सून. जुलै 2021 च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 50 फुटांच्या वर गेली, आमच्या गावभागात पाणी शिरले आणि डायलिसिसचा दिवस तर टळणारा नव्हता. त्या दिवशी ज्या मुलांनी त्याला नावेत घालून कोरड्या रस्त्यापर्यंत पोहोचवले, त्यांची नावे आम्हांला अजून ठाऊक नाहीत. वहीत "नावेतली चार मुले" अशीच नोंद आहे. डावे पान वाचले की मन खचते आणि उजवे वाचले की सावरते, हे आम्ही अनुभवाने शिकलो.

परंतु एक गोष्ट लिहिली नाही तर हे पत्र खोटे ठरेल. एका रात्री मी हौसेने वही वाचून दाखवत असताना मुलगा एकदम म्हणाला, "बाबा, पुरे. सगळ्यांचे उपकार माझ्याच अंगावर आहेत. मला कधीतरी नुसते चिडू द्या." दिवसाला जेमतेम लिटरभर पाण्यावर, त्यातही चहा, आमटी, ताक मोजून, सांगलीचा उन्हाळा काढणारा तो. तासगावचा बेदाणा घरात असतो, पण त्यातल्या पोटॅशियममुळे तो त्याला चालत नाही. त्याच्या चिडण्याला आम्ही अश्रद्धा समजत होतो, ही आमची चूक होती. त्या दिवसापासून वही आम्ही दोघे वाचतो. तो ऐकायला बसला तर बसतो, नाही तर उठून जातो. त्याला कोणी काही म्हणत नाही. आजारी माणसाकडून कृतज्ञतेची वसुली करू नये. ती निरोगी माणसांनी त्याच्या वाटची वाहावी, असे माझे मत झाले आहे.

गेल्या वर्षी एका रात्री साडेनऊला फोन आला. मूत्रपिंड उपलब्ध होण्याची शक्यता होती आणि बोलावलेल्या रुग्णांमध्ये तोही होता. तासाभरात आम्ही निघालो. पेठनाका, कऱ्हाड, सातारा. खंबाटकीच्या बोगद्यातून गाडी जाताना कोणीच बोलत नव्हते. पुण्यात रक्त घेतले, क्रॉसमॅचचा, म्हणजे दात्याशी रक्त जुळते का हे पाहणाऱ्या तपासणीचा, निकाल येईपर्यंत उजाडले आणि मूत्रपिंड दुसऱ्या रुग्णाशी अधिक जुळत असल्याचे कळले. तो निर्णय नियमाप्रमाणेच होता. परतीच्या वाटेवर सून खिडकीकडे तोंड करून रडत होती. घरी आल्यावर पत्नीने आधी वही मागवली आणि उजव्या पानावर लिहायला लावले, "पुण्यातले ते घर". आमच्या पदरात काही पडले नव्हते, पण त्या घराने दिले तर होते. दात्याची ओळख गुप्त ठेवली जाते, त्यामुळे ते घर कोणते, हे आम्हांला कधीच कळणार नाही.

तेव्हापासून त्या घरातली ती रात्र मनातून जात नाही. मेंदू मृत झाल्याचे ठरवताना मान्यताप्राप्त चार डॉक्टरांकडून किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासण्या केल्या जातात आणि प्रत्यारोपण करणाऱ्या चमूचा त्यांत संबंध नसतो. तरीही व्हेंटिलेटरवर छाती हलत असते, हृदय चालू असते, अंग गरम असते आणि त्याच वेळी नातेवाइकांना होय किंवा नाही सांगायचे असते. गेलेल्याची इच्छा काय होती, हे कोणालाच माहीत नसेल तर "नको" हाच शब्द तोंडी येणार, आणि त्यासाठी कोणालाही दोष देता येत नाही. माणसाने प्रतिज्ञापत्र भरलेले असले तरी घरच्यांची संमती विचारली जातेच. म्हणून माझी वाचकांना हात जोडून विनंती आहे की, हा विषय दवाखान्याच्या जिन्यावर पहिल्यांदा निघू देऊ नका. तो जेवायला बसल्यावर, सगळे धडधाकट असताना, एकदा तरी काढा आणि आपली इच्छा घरच्यांना स्पष्ट शब्दांत सांगून ठेवा.

आम्ही आमच्या घरी तसे बोललो. आमचे तिघांचे सांगून झाल्यावर मुलाने विचारले, "आणि माझे काय कोणाला चालेल?" डायलिसिसवरच्या माणसाचेही डोळे देता येतात, असे चौकशीअंती कळले. तो अर्ज त्याने स्वतःच्या हाताने भरला.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक, गावभाग, सांगली