फोटोच्या मागे भिंत पण लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात वाचकांनी पाठवलेले किल्ल्यांचे, देवळांचे फोटो येतात ते मी इथे ग्वाल्हेरला बसून मोबाईलवर बघत असते, फोटो एकेक सुंदर असतात पण खाली नुसतं "प्राचीन शिल्प, ग्वाल्हेर किल्ला" एवढंच, अहो कुठलं देऊळ, कुठली भिंत, किती उंचीवर, काही पत्ताच नाही.

माझे बाबा गेले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत ब्लॅक अँड व्हाईट फोटोंचं एक पाकीट निघालं. 40 फोटो, सगळे कोरीवकामाचे, व्याल म्हणजे सिंहासारखे काल्पनिक प्राणी, वेलबुट्टी, एक घटपल्लवाचा म्हणजे पानांनी भरलेला घट कोरलेला खांब, आणि मागे एक अक्षर लिहिलेलं नाही. मी आणि माझी भाची दोन हिवाळे ते घेऊन किल्ल्यावर फिरलो, सासबहूची दोन्ही देवळं, तेली मंदिर, चतुर्भुज, सगळं पालथं घातलं आणि फक्त 11 जुळले. त्यातल्या एका फोटोत सुरसुंदरीचा, म्हणजे भिंतीवर कोरलेल्या अप्सरेचा, उजवा हात शाबूत आहे, आज तिथे तुटका दगड आहे. तो हात कसा होता हे आता फक्त त्या फोटोत उरलंय. बाकीचे 29 कुठले ते बाबांबरोबर गेलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

जागा का लिहायची तर देवळाची भिंत खालून वर ठरलेल्या क्रमाने चढते, खूर, कुंभ, कलश, कपोत हे तळाचे थर, त्याच्यावर जंघा म्हणजे भिंतीचा उभा भाग आणि जंघेवर मूर्ती. दिक्पालांच्या, म्हणजे दिशा राखणाऱ्या देवांच्या, तर दिशाच ठरलेल्या, अग्नी आग्नेयेला, निर्ऋती नैर्ऋत्येला, वरुण पश्चिमेला, कुबेर उत्तरेला. म्हणजे सुटा पडलेला दगड सुद्धा आपण मूळ कुठे होतो ते थोडंफार सांगतो, आपल्याला ते वाचता आलं पाहिजे. इथून जवळच मुरैना जिल्ह्यात बटेश्वरला प्रतिहार राजांच्या काळातली सुमारे 200 छोटी देवळं नुसते दगडांचे ढीग होऊन पडली होती, 2005 पासून के. के. मुहम्मद यांच्या देखरेखीत पुरातत्त्व खात्याने त्यातली कितीतरी पुन्हा उभी केली, ती कुठला दगड कुठल्या थराचा हे ओळखूनच. उलट मोठ्या सासबहूचं बघा, आत 1093 चा शिलालेख आहे, कच्छपघात घराण्याचा राजा महीपाल, पद्मनाभ विष्णू, सगळं त्यातून कळतं, पण गाभाऱ्यावरचं शिखर आज नाहीच, म्हणजे नाव-साल कळलं तरी पूर्ण देऊळ काही दिसत नाही.

आणि चोरीचं पण आहेच. तामिळनाडूतल्या वृद्धाचलमची दगडी अर्धनारीश्वर मूर्ती ऑस्ट्रेलियातल्या म्युझियममध्ये पोचली होती, 2014 ला ती परत मिळाली कारण पुदुच्चेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटकडे ती देवळातच असतानाचा जुना फोटो होता. नुसता क्लोजअप असता तर ती मूर्ती आमचीच हे कशावरून सांगणार होतो आपण?

म्हणून माझी वाचकांना विनंती आहे की फोटो काढताना आधी पूर्ण भिंतीचा एक लांबून घ्या, मग त्या थराचा, मग जवळून, आणि तिथेच उभं राहून लिहून ठेवा, देवळाचं नाव, बाजू, खालून कितवा थर, तारीख. शेजारी मापाची पट्टी धरा, दगडाला न लावता. सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरपं ऊन असेल तेव्हा काढा, दुपारी डोक्यावरच्या उन्हात कोरीवकाम सपाट दिसतं. खडू, तेल, पाणी काही लावू नका हो, मी स्वतः बघितलंय लोकं अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू घासतात. आणि दुरुस्ती झालेली असेल तर तेही लिहा, ग्वाल्हेर किल्ल्याच्याच डोंगरावरच्या, गोपाचलच्या 15व्या शतकातल्या जैन मूर्तींचे चेहरे बाबराच्या हुकमाने फोडले गेले आणि नंतर जैन मंडळींनी प्लास्टरने घडवले, आता न सांगता फोटो टाकला तर बघणारा तो चेहरा मूळ तोमर राजांच्या काळचाच समजणार.

हे काम इथे नवीन नाही. ग्वाल्हेर संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मो. बा. गर्दे मराठीच होते, त्यांच्या खात्याचे वार्षिक रिपोर्ट निघायचे. आज ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या कितीतरी मराठी घरांत जुने अल्बम आहेत, लग्नानंतर नवी जोडपी किल्ल्यावर जायची, मागे तेली मंदिराचा दरवाजा यायचा, त्यावर कोरलेल्या गंगा-यमुना नदीदेवता यायच्या. ते फोटो फेकू नका. ज्यांना त्या दिवशी कुठे उभे होतो ते आठवतंय अशी आई-आजी घरात असेल तर ह्याच रविवारी पेन्सिल घेऊन त्यांच्याजवळ बसा आणि मागे लिहून घ्या. पेनने नको, शाई पुढच्या बाजूला उतरते.

तुमच्या पेपरने सुद्धा वाचकांचा फोटो छापताना देवळाचं नाव आणि भिंतीची दिशा मागून घ्यावी, एक ओळच जास्त लागेल.

आपली,
एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर