महाद्वार रोडच्या घड्याळवाल्या काकांना, मनापासून थँक्यू

काका, नमस्कार.

तुमचं नाव इथं घालत नाही, तुम्ही म्हणाल कशाला गं उगीच गाजावाजा, पण ज्यांची घड्याळं तुमच्या हाताखालनं गेलीत ते वाचल्या वाचल्या ओळखतीलच. आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, एचएमटी जनता हे चावीचं घड्याळ आता अगदी टायमात चालतंय आणि आप्पा दिवसातनं दहा वेळा ते टीव्हीवरच्या टायमाशी लावून बघतात, हे कळवायला आणि थँक्यू म्हणायला लिहितेय.

खरं सांगू का, तुम्ही जे केलंत त्याच्याइतकेच, जे करायला नाही म्हणालात त्याचेही आभार मानायचेत. तुमच्याकडं यायच्या आधी दुसरीकडं दाखवलं होतं, तिथं झाकण पण न उघडता सांगितलं की मशीन गेलंय, सेलवर चालणारं नवीन टाकू, डायल पण रंगवून देऊ, एकदम नवं दिसेल. आप्पांनी तिथंच घड्याळ खिशात टाकलं. तुम्ही मात्र पहिलं विचारलंत, मागं पडतंय का पुढं पळतंय? पुढं पळतंय, तासाला दोन-तीन मिनिटं, म्हटल्यावर ड्रॉवरमधनं एक छोटं होकायंत्र काढलंत, घड्याळाजवळ नेलंत आणि त्याची सुई अशी गर्रकन वळली की आप्पा खुर्चीतनं पुढंच सरकले. रात्री घड्याळ कुठं ठेवता, हा पुढचा प्रश्न. रेडिओवर! म्हणजे आधी रेडिओ होता, तो बिघडला, मग माझ्या भावानं त्या जागी ब्लूटूथ स्पीकर आणून दिला आणि आप्पा सवयीनं त्याच्यावर ठेवायला लागले. त्यातल्या चुंबकानं हेअरस्प्रिंगचे, म्हणजे आतल्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचे, वेढे एकमेकांना चिकटायला लागले, म्हणजे स्प्रिंग आखूड झाल्यासारखीच, म्हणून बॅलन्स, म्हणजे मागं-पुढं हलून वेळ राखणारं चाक, भराभर हलत होतं. मग घड्याळातलं चुंबकत्व काढणारी तुमची ती निळी डबी आली, बटण दाबून धरायचं, घड्याळ तिच्यावरनं सावकाश लांब न्यायचं आणि मगच बटण सोडायचं, बास. झाकण उघडून भिंगातनं बघितलंत आणि तेल वाळलेलं नाही, उगीच खोलत नाही म्हणालात. एवढ्यात दुसरा कुणी असता तर सर्व्हिसिंगचं बिल हातात आलं असतं की!

डायलचं पण तेच. पिवळे डाग आहेत तर असू देत म्हणालात. रंगवलेल्या डायलची एचएमटी आता ओरिजिनल म्हणून ढिगानं विकली जातात, आणि १९६१ ला सिटिझनच्या मदतीनं बेंगळुरात सुरू झालेला एचएमटीचा हा घड्याळांच्या कारखान्यांचा पसारा २०१६ ला सरकारनं बंद करायचं ठरवलं, त्यामुळं खरी डायल एकदा खरवडली की गेलीच. काच तेवढी पॉलिश केलीत, प्लास्टिकची असल्यामुळं ओरखडे निघतात हे मला माहितीच नव्हतं.

आता पट्ट्याचं. आप्पांना चामड्याचाच पाहिजे, कोल्हापूरचा माणूस, पायात चामडं तर हातात पण चामडंच. तुम्ही घड्याळाचे पट्टा अडकवायचे जे दोन कान असतात त्यांच्यामधलं अंतर मोजलंत, १८ एमएम, आणि पट्टा बसवून न देता माझ्या हातात टूल दिलंत, कर म्हणालात, मी बघतो. आधी कानांना आतनं-बाहेरनं सेलोटेप, म्हणजे टूल घसरलं तरी ओरखडा नाही. मग पट्टा धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगच्या पिनचं एक टोक कानाच्या भोकात, दुसरं टोक टूलच्या फाट्यानं दाबून आत सरकवायचं, टिक्क असा आवाज आला की बसलं, आणि तरी पण पट्टा ओढून बघायचाच. बकलवाला तुकडा बाराच्या बाजूला, भोकांचा लांब तुकडा सहाच्या. जुनी पिन तुम्ही भिंगाखाली दाखवलीत, घामानं गंजून टोक झिजलेलं, पट्टा धडधाकट होता पण घड्याळ कधीही रस्त्यावर पडलं असतं. लोक पट्ट्यावर पाचशे-हजार घालतात आणि पिन तीच जुनी ठेवतात, हे तुमचं म्हणणं मी आता ऑफिसात सगळ्यांना ऐकवतेय, वैतागलेत सगळे.

पावसाळ्यासाठी नायलॉनचा दिलात तो पण भारी निघाला. एकच लांब पट्टी दोन्ही पिनांखालनं जाते, म्हणजे एक पिन तुटली तरी घड्याळ दुसरीवर लटकतं. आपल्याकडं जून ते सप्टेंबर काय हवा असते ते काय सांगायचं, कपाटातल्या चपलांवर पण बुरशी येते, तिथं चामड्याचा पट्टा काय टिकणार. आणि काचेच्या आत वाफ दिसली तर तांदळात बिंदळात पुरून न ठेवता त्याच दिवशी आणायचं, आत गंज चढायला वेळ लागत नाही, हे आप्पांनी कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. चावी सकाळी चहाच्या आधी, अडकल्यासारखं वाटलं की थांबायचं, ते पण पाळतात. स्पीकर आता खिडकीत गेलाय.

एकच तक्रार आहे. पट्ट्याचे आणि पिनांचे सोडून तुम्ही एक रुपया घेतला नाहीत, एवढा वेळ घालवलात त्याचं काय? पुढच्या आठवड्यात आत्याचं सेलवालं घड्याळ घेऊन येतेय, वर्षभर बंद पडून आहे, आणि संपलेला सेल आत ठेवला की तो गळून मशीन खातो हे तुमच्याकडनंच कळलं. तेव्हा मजुरी धरून नीट हिशोब सांगा, नाहीतर आप्पा म्हणालेत की ते परत दुकानात पाऊल टाकणार नाहीत, आणि ते खरंच टाकणार नाहीत, मी ओळखते त्यांना.

तुमची,
जनतावाल्या आप्पांची मुलगी