काचेवर उलटे आकडे लिहिणाऱ्या सिस्टरांना

सिस्टर,

पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहोत. हातात दिलं असतं तर तुम्ही ते घडी करून खिशात टाकलं असतं आणि विचारलं असतं, "चार नंबरच्या बाळाचा व्हिटॅमिन ए चा दुसरा डोस गेला का?"

गेला, सिस्टर. केसपेपरवर शिक्का आहे.

गोवराची साथ ओसरली की सत्कार सुरू होतात. त्यात ज्यांनी परिपत्रकं काढली त्यांची नावं वर असतात आणि वॉर्ड ज्यांनी चालवला ते सगळे "व इतर कर्मचारी" मध्ये बसतात. म्हणून हे वेगळं पत्र. तेही तुमच्या एखाद्या मोठ्या कामगिरीबद्दल नाही, काचेवर मार्करनं लिहिलेल्या वेळेबद्दल आहे.

गोवराचं मूल आयसोलेशन खोलीत ठेवलं की आत जाणाऱ्यांची ये-जा मुद्दाम कमी केली जाते. ते बरोबरच आहे. पण आत बसलेल्या आईला त्यातलं काय दिसतं? बंद दार, काच, आणि अधूनमधून मास्क लावून येणारं कोणीतरी. पुन्हा कोण येणार, कधी येणार, काही कळत नाही. मग ती दार किलकिलं करून डोकावते, हाक मारते. दार उघडलं की खोलीतला कमी ठेवलेला हवेचा दाब जातो आणि आतली हवा कॉरिडॉरमध्ये येते. मग तिच्यावर कोणीतरी खेकसतं. हे चक्र आम्ही फार वर्षं बघितलं, आणि त्यावर उपाय म्हणून दाराला "उघडू नये" अशी पाटी लागलेलीही बघितली.

तुम्ही पाटी काढली आणि काचेवर पुढच्या फेरीची वेळ लिहिली. बाहेरच्या बाजूनं, पण उलटी, म्हणजे आतून सुलटी दिसावी अशी. कॉरिडॉरमधून जाणाऱ्याला ६ वाटायचा, आईला तो ३ दिसायचा. आणि त्या वेळेला तुम्ही दारात असायचात. उशीर होणार असेल तर आधीची वेळ टळायच्या आत येऊन पुसायचात, नवी लिहायचात आणि काचेतून मान हलवायचात. बस, एवढंच.

एवढ्यानं काय झालं ते मात्र लिहून ठेवायला हवं. आया झोपू लागल्या. झोप झालेली आई अंगावर नीट पाजते, ओआरएसचा हिशेब नीट ठेवते, बाळाची लघवी किती वेळा झाली ते सांगते. दारं कमी उघडली. आणि वेळ काचेवर असल्यामुळे राउंडवाल्या डॉक्टरांनाही ती पाळावी लागली, ही गोष्ट तुम्ही कधी बोलून दाखवली नाहीत, हा तुमचा मोठेपणा.

एका फेरीत सगळं उरकायचं असेल तर ट्रे पूर्ण हवा. एक वस्तू विसरली की पुन्हा बाहेर, पुन्हा हात, पुन्हा गाऊन. तुमच्या ट्रेवर चिकटवलेला कागद आम्ही नव्या मुलींना पाठ करायला लावतो: ताप, श्वास पूर्ण एक मिनिट मोजणं, तोही मूल शांत असताना, झोपेत किंवा पाजताना, ऑक्सिजनचं मापन, डोळे आणि तोंड स्वच्छ करणं, सलाइनची जागा बघणं, औषध, पुढच्या काही तासांचं मोजलेलं ओआरएस, कोरडी चादर. श्वास पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचा नाही, हे तुम्ही किती जणांना सुनावलं असेल! लहान बाळाचा श्वास एकसारखा नसतो, गुणाकारात चूक चौपट होते. दोन महिन्यांखाली मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन ते अकरा महिने ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त म्हणजे श्वास जोरात चाललाय. गोवरात मुलं दगावतात ती बहुतेक न्यूमोनियानं आणि जुलाबानं, पुरळानं नव्हे. म्हणून पुरळाकडे बघणाऱ्या डॉक्टरला तुम्ही छातीकडे बघायला लावत होतात.

ऑक्सिजनचा आकडा ८८ दिसला की धावपळ व्हायची. तुम्ही आधी प्रोब, म्हणजे बोटाला किंवा पायाला लावतात तो सेन्सर बघायचात: मोठ्यांचा क्लिप तान्ह्याच्या बोटावर लावलाय का, पाय थंड आहे का, नाडीचा आकडा मनगटावरच्या नाडीशी जुळतो का. सगळं बरोबर असून ९० च्या खाली असेल तर एक क्षण वाया घालवायचा नाही, आणि ऑक्सिजनची नळी लावल्यावर नाकातला शेंबूड साफ करायचा, नाहीतर सिलिंडर रिकामा होतो आणि बाळाला काही मिळत नाही.

आता हवेबद्दल, कारण इथेच जास्त पाप झालंय. गोवराचा विषाणू मूल खोलीतून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. हे सगळ्यांना पाठ असतं. तरीही तपासणीची खोली पाच मिनिटांत पुढच्या मुलाला दिली जाते आणि मधल्या वेळात कॉरिडॉरमध्ये जंतुनाशकाचा धूर मारला जातो. धूर दिसतो, फोटोत येतो. त्यानं गोवर थांबत नाही, दम्याच्या मुलांचा खोकला तेवढा वाढतो. हवा बदलावी लागते. तासाला बारा वेळा हवा बदलत असेल तर साधारण ३५ मिनिटांत ९९.९ टक्के कण निघून जातात, सहा वेळा बदलत असेल तर ६९ मिनिटं लागतात. किती वेळा बदलते हेच ठाऊक नसेल तर दोन तास दार बंद ठेवायचं. भिंतीवरचा एसी हवा बदलत नाही, तीच फिरवतो, आणि एसी लावला की खिडक्या बंद होतात.

देखभालीच्या वहीत आयसोलेशन खोलीपुढे "ठीक" असा शेरा होता. तुम्ही टिश्यू पेपरची पट्टी दाराच्या खालच्या फटीशी धरलीत. ती आत ओढली जायला हवी होती, बाहेर फडफडली. एक्झॉस्टची मोटार फिरत होती, आवाज येत होता, पण पट्टा सैल होऊन घसरत होता, म्हणून पंखा नावापुरताच. तेव्हापासून रोज सकाळी टिश्यू, आणि वहीत शेरा नव्हे, पट्टी कोणत्या दिशेला गेली ते लिहायचं. एवढी साधी परीक्षा आधी कोणाला सुचली नव्हती असं नाही. ती केली तर उत्तर मिळतं आणि मग काम करावं लागतं, ही अडचण होती.

एन-९५ मास्क कुलपात ठेवून दोन सह्यांचा अर्ज मागणाऱ्यांबद्दल फार लिहीत नाही. एवढंच, की मास्क खोलीच्या आत काढायचा नसतो, बाहेर येऊन दार लागल्यावर सगळ्यात शेवटी काढायचा. आणि मास्क असला तरी गोवराच्या खोलीत तीच माणसं पाठवायची ज्यांच्या लसीच्या दोन मात्रांची नोंद आहे किंवा रक्तात प्रतिकारशक्ती सापडली आहे. ही यादी साथ येण्याआधी हवी. तुमच्याकडे होती, मावशींसकट. मावशींचं नाव त्या यादीत असणं आम्ही दुसरीकडे क्वचितच पाहिलं, आणि खोलीत सगळ्यात जास्त वेळ त्याच असतात.

संशयित मुलं आणि खात्रीची मुलं एका हॉलमध्ये घालायचा आदेश आला तेव्हा तुम्ही तो पाळला नाहीत. ताप आणि पुरळ म्हणजे गोवरच असं नाही. दुसऱ्याच कारणानं पुरळ आलेलं मूल तिथे टाकलं तर गोवर आपणच त्याला देतो. खात्री झालेली मुलं एकत्र चालतात. संशयितांना एकेकटं ठेवायचं, खोल्या कमी पडल्या तर वेगळी सोय शोधायची, पण मिसळायचं नाही.

मग व्हिटॅमिन ए. सहा महिन्यांखाली ५०,००० युनिट, सहा ते अकरा महिने १,००,०००, वर्षाच्या पुढे २,००,०००; आज एकदा, उद्या एकदा. पहिला डोस सगळीकडे जातो. दुसरा बुडतो, कारण मधल्या दिवसात मूल दुसऱ्या वॉर्डात जातं किंवा घरी जातं. तुमचा शिक्का त्या एका गळतीसाठी होता.

पेटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरानं १८४६ साली फेरो बेटांवर गावोगाव फिरून नोंदी ठेवल्या: संपर्क झाल्यापासून पुरळ यायला साधारण दोन आठवडे. म्हणजे पहिल्या मुलांची गर्दी ओसरते तेव्हा पुढची मुलं घरी बसून तापू लागलेली असतात. जादा खाटा काढून टाकायचं फर्मान नेमकं त्याच सुमारास निघालं. तुम्ही खाटा हलवल्या नाहीत. उलट गोवराचं मूल वेटिंग हॉलमध्ये होतं त्या वेळेत तिथे कोण कोण बसलं होतं त्याची यादी काढलीत, कारण लस संपर्कापासून ७२ तासांत दिली तर उपयोग होतो, तान्ह्यांना आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, सहा दिवसांत द्यावं लागतं. आणि ज्यांना संरक्षण नाही अशा दाखल मुलांना संपर्काच्या पाचव्या दिवसापासून एकविसाव्या दिवसापर्यंत वेगळं ठेवलंत. यादी वहीच्या शेवटच्या पानावर होती, कोणीही मागितली नव्हती.

साथीचं निमित्त करून आयांना बाहेर काढणारेही होते. ब्रिटनमध्ये १९५९ च्या प्लॅट अहवालानं सांगून ठेवलं होतं की मुलांच्या वॉर्डात आईवडिलांना भेटीच्या वेळेचं बंधन नको. तुम्ही अहवाल वगैरे काढला नाहीत. एका मुलामागे एकच माणूस, तेच माणूस, आत येण्याआधी दोन प्रश्न: गोवर होऊन गेलाय की लस झाली आहे, आणि दिवस गेले आहेत का. तिला धोका असेल तर दुसऱ्या कोणाला बोलवायचं. त्यात आवाज चढवायची गरज कोणाला का पडावी, हे आम्हाला अजून कळलेलं नाही. अडचणीतल्या माणसाशी नीट बोलायला ना मनुष्यबळ लागतं ना निधी, आणि तरी प्रत्येक साथीत आधी तेच तुटतं. तुमच्याकडे नाही तुटलं. त्याबद्दल मनापासून आभार, आणि हे लिहिताना शब्द कमी पडताहेत हेही खरं.

एक काम उरलंय. तुमच्या ट्रेच्या कागदाचं वरच्यांनी छापील कार्ड केलं, वर बोधचिन्हासकट. त्यात डोळे आणि तोंड स्वच्छ करण्याची ओळ गाळली गेली आहे. कार्डं परत पाठवली आहेत. नवी येईपर्यंत मावशींनी सगळ्यांवर पेननं ओळ घातली आहे, तुमच्या सवयीप्रमाणे ऑक्सिजननंतर आणि सलाइनच्या आधी.

तुमचे,
बालरुग्ण विभागातले डॉक्टर, नर्सेस आणि मावशी