अण्णा, मोगरा जगला

ती. अण्णा,
सा. न.

तुम्ही मोबाईलवर फारसं वाचत नाही, म्हणून तुमच्या नातीला सांगून ठेवलंय, ती वाचून दाखवेल. चार लोकांपुढे लिहायचं कारण एवढंच की आमच्या जुळे सोलापुरात दर उन्हाळ्यात कितीतरी बागा जातात, आणि माझी यंदा तुमच्यामुळे वाचली.

एप्रिलमधली ती दुपार मला अजून जशीच्या तशी दिसते. पारा ४२च्या वर होता. मोगऱ्याने माना टाकल्या होत्या आणि मी भर बारा वाजता पाइप घेऊन उभी होते. तुम्ही रस्त्याने चालला होतात. सायकल भिंतीला टेकवलीत, आत आलात आणि म्हणालात, "ताई, आधी पाणी हातावर घ्या." घेतलं तर चटका बसला. सकाळपासून पाइप उन्हात पडलेला! मग तुम्ही कुंडीत दोन पेरं बोट खुपसलंत. माती आत चिंब होती. "याला तहान नाही ओ, हे बुडतंय."

संध्याकाळी परत येऊन तुम्ही कुंडी उपडी केलीत. मुळं तपकिरी, मऊ, आंबूस वासाची. कुजलेली तेवढी कापलीत, खालची पाण्याने भरलेली ताटली काढून टाकलीत आणि कुंडी पूर्वेच्या भिंतीशी ठेवलीत, म्हणजे सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारनंतर सावली. तो मोगरा माझ्या सासूबाईंच्या हातचा आहे. त्या गेल्यावर घरात त्यांचं म्हणावं असं तेवढंच जिवंत उरलंय. हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं.

दुपारी पानं लोंबतात ती दरवेळी पाण्यावाचून नव्हे, हे मला पन्नाशीत कळलं. कडक उन्हात पानांतून पाणी उडतं त्या वेगाने मुळांना ओढता येत नाही. ऊन कललं की पानं आपोआप उठतात. सकाळीही तशीच मलूल दिसली तरच बोट घालून बघायचं आणि मग द्यायचं. एवढी साधी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. उलट लॉन पिवळी पडली तेव्हा एका दुकानदाराने युरिया टाकायला सांगितला. मी ऐन उन्हात टाकला आणि पट्टेच्या पट्टे करपले. तुम्ही ते बघून रागावला नाहीत, फक्त म्हणालात, आता पावसापर्यंत खत नको.

लॉनवरून मात्र मी तुमच्याशी वाद घातला. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आमचे मामंजी त्या गवतावर अनवाणी चालायला शिकले, म्हणून मला ती सगळी हवी होती. तुमचं म्हणणं सरळ होतं. नळाला पाणी पाचव्या दिवशी, उजनी धरणाची पातळी रोज पेपरात, अशा गावात निम्मी लॉन सोडा आणि निम्मी नीट जगवा. तुमचं बरोबर होतं. मी तण म्हणून उपटत होते ती हरळी तुम्ही ठेवायला लावलीत. गणपतीला वाहतो त्याच या दूर्वा. वरून वाळल्या तरी जमिनीखालची खोडं जिवंत राहतात, म्हणून तपकिरी दिसली की मेली समजायचं नाही.

आधी मी रोज पाच मिनिटं शिंपडत होते. त्याने मुळं वरच्याच थरात राहतात आणि तोच थर सर्वांत जास्त तापतो. तुम्ही काळ्या मातीच्या भेगा शेणखत-मातीने बुजवून घेतल्यात, नाहीतर पाणी सरळ भेगेतून खाली जातं. मग पाणी येईल त्या दिवशी पहाटे, हळूहळू, अर्ध्या तासाच्या अंतराने दोनदा. सळई सहा इंच सहज आत गेली की बास. गवतावर पाऊल ठेवायचं, दबलेली पाती उठली नाहीत तर तहान लागलीय. कापायचं तेही उंच ठेवून, म्हणजे पात्यांची सावली मातीवर राहते.

सगळ्यात लक्षात राहिली ती मडकी. जास्वंद आणि कढीपत्त्याच्या बुंध्यापासून वीतभर लांब तुम्ही तळाला भोक पाडलेली मातीची मडकी ठेवलीत. भोकात घालायला सुताची वात हवी, तर खिशातून टॉवेलच्या कारखान्यातलं सूत काढलंत. चाळीस वर्षं सोलापूरच्या पूर्वभागात, विणकरांच्या वस्तीत, मागावर काढलेले तुमचे हात. अंगठा आणि दोन बोटं, तीन पीळ, वात तयार. मी केलेली वात सैल झाली, पाणी तासाभरात वाहून गेलं. तुमच्या वातीतून दुसऱ्या दिवशी सकाळीही थेंब पडत होता. वर उसाचं पाचट तीन बोटं जाड पसरलंत, खोडाला न चिकटवता.

मी पैसे पुढे केले तेव्हा तुम्ही चहा मागितलात. एवढंच घेतलंत.

मे संपताना मोगऱ्याला नवी पालवी आली. मृगाच्या सरींनंतर हरळी हिरवी झाली, मामंजी पुन्हा तिच्यावर चालतात. जूनमध्येच मोगऱ्याची एक फांदी वाकवून शेजारच्या कुंडीत दाबली होती. काल हलकेच ओढून पाहिलं, तिने माती धरलीय. अजून पंधरा दिवसांनी मूळ झाडापासून कापते आणि घेऊन येते. पूर्वेची भिंत तुमच्या दारात कुठली, तेवढं बघून ठेवा.

तुमची,
कोपऱ्यावरच्या घरातली ताई