मासळीचा वास आणि सोळा अँपिअर

महोदय,

आमचे घर सदाशिव पेठेत. मागची खोली स्पर्धा परीक्षा देणाऱ्या तीन मुलांना भाड्याने दिली आहे. परवा रात्री सौ. म्हणाली, "अहो, मुलं मासे तळतायत वाटतं." करारात ते बसत नाही, म्हणून मी तावातावानेच दार वाजवले. आत इंडक्शनवर साधी मुगाची खिचडी! वास येत होता तो भिंतीतल्या सॉकेटचा. सॉकेट तापून आतले प्लॅस्टिक करपू लागले की असा मासळीसारखा वास सुटतो, हे मला सत्तरीत कळले.

मेन बंद करून पिन ओढली, तर सॉकेटचा तुकडा चिकटूनच बाहेर आला. भोकाच्या कडा चॉकलेटी, पितळ काळेनिळे.

इंडक्शन २००० वॉटचे. २३० व्होल्टवर ते ८.७ अँपिअर ओढते. पिन जाड, १६ अँपिअरची. सॉकेट ६ अँपिअरचे. दोघांची गाठ मुलांनी कन्व्हर्टर लावून घालून दिली होती. जाड पिन बारीक भोकात जात नाही ती मुद्दाम केलेली सोय आहे. आपण दुकानातून कन्व्हर्टर आणून ती पैसे देऊन मोडतो.

"मग एमसीबी, करंट जास्त झाला की आपोआप पडणारा तो स्विच, का नाही पडला?" मी वायरमनला विचारले. तो म्हणाला, "काका, तो १६चा आहे. नऊ अँपिअरला तो कशाला पडेल? आणि सॉकेट ढिलं असलं की करंट वाढत नाही, नुसती जागा तापते. ते त्याला कळतच नाही."

मुलांना चार शब्द सुनावणार होतो. तेवढ्यात त्याने बोर्ड उघडून दाखवला. तिसऱ्या, मोठ्या भोकामागे वायरच नव्हती! अर्थिंग म्हणून इतकी वर्षे आम्ही नुसते भोक मिरवत होतो. आणि खरे सांगायचे तर गणपतीत आरासीच्या माळेची उघडी टोके काडेपेटीच्या काड्यांनी सॉकेटात खोचणारा मीच. मुलांना काय बोलणार?

आता मेनपासून वेगळी जाड वायर टाकून मागच्या ओट्याजवळ १६चा पॉइंट घेतला, अर्थिंग करवले, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट बाहेर गळू लागताच वीज तोडणारा स्विचही बसवला. एमसीबी वायरिंग सांभाळतो, हा माणसाला सांभाळतो. त्यावरचे 'टी' बटण अधूनमधून दाबून तो पडतो ना, ते बघायचे. महिन्याचे भाडे त्यात गेले.

पेठांत घरोघरी विद्यार्थी ठेवलेले आहेत. आपल्या करारांत मांसाहार, मित्र, रात्री दहाचे फाटक, सगळे असते. कुठल्या पॉइंटवर काय लावायचे, ते एकाही करारात मी वाचलेले नाही. मी तूर्त पाटी लावली आहे:

'या बोर्डावर फक्त मोबाईल व लॅपटॉप. शिजवणे ओट्याजवळच्या पॉइंटवर. मासळीचा वास आल्यास आधी मेन बंद करावा, मग मालकांस उठवावे.'

— एक घरमालक, सदाशिव पेठ, पुणे