धार पारखायची ती पहिल्याच दगडावर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सलूनमध्ये आता प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे पाते लावतात, आणि ते योग्यच आहे. पण घरी स्वतःपुरता जुना घडीचा वस्तरा वापरणाऱ्यांना दिला जाणारा एक सल्ला खटकतो : धार लावण्याच्या शेवटच्या दगडानंतर ती नखावर ओढून पाहा. कृपया असे करू नका. नख लागले की बारीक दगडावर आणलेली धार तिथेच बिघडते. कागद कापून पाहण्यातही अर्थ नाही. कागद भाजीची बरी सुरीही कापते.

पारख करायची ती पहिल्या, १००० नंबरच्या दगडावर (नंबर जितका मोठा, तितका दगड बारीक). पाठ (धारेच्या उलट बाजूची जाड कड) आणि धार दोन्ही दगडाला टेकलेल्या असल्या की कोन आपोआप राखला जातो. प्रश्न उरतो तो पात्याच्या दोन्ही बाजूंचे घासलेले उतार टोकापासून टाचेपर्यंत (मुठीकडच्या शेवटापर्यंत) धारेवर एकमेकांना मिळाले का, एवढाच. धार वर करून वस्तरा दिव्याखाली धरा आणि सावकाश कलता करा. धारेवर पांढरा ठिपका किंवा रेघ चमकली तर तेवढा भाग बोथट आहे, कारण लागलेल्या धारेला उजेड परतवण्याइतकी जाडीच नसते. मग मनगटावरचे केस कातडीलगत कापून पाहा; टोक, मध्य, टाच वेगवेगळे तपासा. टोक मागे पडले असेल तर वस्तरा दगडावर तिरका ओढला जात नाही. मध्य मागे पडला असेल तर बहुधा दगडच खोलगट झालाय. त्यावर पेन्सिलीच्या रेघा मारा आणि काचेवर ठेवलेल्या ४०० नंबरच्या पॉलिशपेपरवर घासा. मधल्या रेघा पुसल्या जाईपर्यंत थांबू नका.

हे जमल्याशिवाय ४००० वर जाऊ नये. पुढचे ८००० आणि १२००० चे दगड फक्त ओरखडे बारीक करतात, न मिळालेले उतार मिळवत नाहीत.

सर्वात जास्त फसवते ती बर, म्हणजे जास्त दाब दिल्याने धारेवर उरलेली कागदासारखी पातळ किनार. ती हातावरचे केस झकास उडवते आणि पहिल्याच दाढीत चुरते. म्हणून दगडावरचे शेवटचे हात वस्तऱ्याच्या स्वतःच्या वजनावरच फिरवावेत.

केस तोडून पाहायचा तो चामड्याच्या पट्ट्यावर, पाठ पुढे ठेवून, पन्नासेक हात मारल्यावर. धुतलेला केस मुळाकडून धरा आणि बोटांपासून सेंटीमीटरभर अंतरावर धारेवर नुसता टेकवा. तो अडकून मग तुटला तर पट्ट्यावर आणखी हात मारा. नुसताच घसरला तर पुन्हा ८००० वर. केसांची जाडी माणसागणिक वेगळी, तेव्हा दर वेळी एकाच डोक्याचा केस घ्यावा.

आपला,
एक वाचक